एडीएएसवाली गाडी आणि आपल्याकडचे रस्ते: पैसे कशावर घालावेत?

मांजराकाठ (लातूर)

घरची जुनी गाडी बदलायची ठरली आहे. राहायला लातूरला, पण बहुतेक प्रवास लातूर-अंबाजोगाई-बीड-संभाजीनगर असा होणार, आणि अधूनमधून जालन्याहून समृद्धीने नाशिककडे. गाडी मी आणि वडील दोघंही चालवतो. वडील 68 वर्षांचे आहेत. हात पक्का आहे, पण रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात असं ते स्वतःच सांगतात.

गाडी नक्की झाली आहे, अडलंय ते व्हेरिएंटवर. खालच्यात सहा एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) आणि पाचही सीटना थ्री-पॉइंट बेल्ट आहेत. वरच्यात हे सगळं आणि शिवाय एडीएएस, म्हणजे पुढचं वाहन पाहून आपोआप लागणारा ब्रेक, पुढच्या गाडीच्या वेगाशी जुळवून घेणारा क्रूझ, लेन सोडली की स्टिअरिंग हळूच परत वळवणारी यंत्रणा, आरशात न दिसणाऱ्या गाडीची सूचना वगैरे. फरक दीड-दोन लाखांचा. शोरूममधला मुलगा म्हणाला, "लेव्हल टू आहे सर, गाडी स्वतःच चालते." वडिलांनी विचारलं, "म्हंजे आपोआप ब्रेक मारायली का? मग म्या काय करायचं?" त्यावर तो काही बोलला नाही.

मग कंपनीच्या साइटवरून मॅन्युअल उतरवून घेतलं आणि एडीएएसचा भाग शब्द न् शब्द वाचला. लेव्हल टू म्हणजे वेग आणि स्टिअरिंग या दोन्हींत गाडी एकाच वेळी मदत करते, पण रस्त्यावर नजर आणि सगळी जबाबदारी चालवणाऱ्याचीच. हात सोडले की गाडी बोंब मारते आणि थोड्या वेळात मदत काढून घेते. त्याच्या पुढची पानं मला जास्त महत्त्वाची वाटली. यंत्रणा कुठे काम करणार नाही किंवा कमी करेल, त्याची ती यादी आहे. पट्टे पुसलेले असतील तर, समोरून ऊन डोळ्यावर येत असेल तर, धूळ किंवा धुकं असेल तर, जनावर आडवं आलं तर, पुढच्या वाहनाच्या मागे माल बाहेर आलेला असेल तर, ट्रेलरचा मागचा भाग उंच किंवा अरुंद असेल तर. जानेवारीतला लातूर-बीड रस्ता डोळ्यासमोर आणा, यातलं काय काय नसतं तिथे?

टेस्ट ड्राइव्हला आग्रह धरून गाडी रेणापूरच्या पुढेपर्यंत नेली. मीटरमध्ये लेनच्या दोन रेघा दिसतात, पट्टा सापडला की हिरव्या, हरवला की राखाडी. शहराबाहेर चांगल्या रस्त्यावर दोन्ही हिरव्या होत्या. पुढे डाव्या कडेला माती आणि उसाचं पाचट साचून पांढरा पट्टा झाकला गेला होता, तिथे डावी रेघ राखाडी झाली ती बराच वेळ परत हिरवी झालीच नाही. उजवी चालू होती.

माझा प्रश्न एवढाच: आपल्या भागात रोज गाडी चालवणाऱ्यांनी हे वापरलंय का? यातलं कशावर विसंबावं आणि कशावर नाही?

जालनेकर

धागा चांगला काढलात. माझ्या गाडीत एडीएएस आहे आणि कामानिमित्त समृद्धीवर नेहमी जाणं असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

समृद्धीवर पट्टे स्पष्ट आहेत, दुभाजक आहे, समोरून कोणी येत नाही. तिथे अडॅप्टिव्ह क्रूझ आणि लेनची मदत खरोखर उपयोगी पडते. कारला वेगमर्यादा 120 आहे, मी 100 वर लावतो. संपूर्ण रस्ता 701 किलोमीटरचा, वळणं कमी आणि दोन्ही बाजूंना एकसारखं दृश्य, त्यामुळे डुलकीचा धोका मोठा. गाडी लेन सोडायला लागली की स्टिअरिंग थरथरतं. तेवढ्यासाठी तरी ही यंत्रणा हवी असं माझं मत झालं आहे. मात्र झोप येत असेल तर थांबून झोपणं हाच इलाज, थरथरणारं स्टिअरिंग झोपेला पर्याय नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. पुढे चालणाऱ्या गाडीला ही यंत्रणा छान ओळखते, उभ्या गाडीला तितकी नाही. कारण असं की रडार समोरच्या वस्तूचं अंतर आणि वेग मोजतं. पण रस्त्याकडेचा फलक, दुभाजक, पुलाचा कठडा हे सगळंही रडारला 'उभी वस्तू' म्हणूनच दिसतं. प्रत्येकाला पाहून ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून उभ्या वस्तूंकडून येणाऱ्या लहरी बऱ्याच अंशी बाजूला टाकल्या जातात आणि 'हे वाहनच आहे' अशी कॅमेऱ्याने खात्री दिली तरच पूर्ण ब्रेक लागतो. काही गाड्यांत रडार नसतंच, सगळं काम कॅमेऱ्यावर. रात्री दिवे न लावता उभा केलेला कंटेनर कॅमेऱ्याला उशिरा कळतो. 100 च्या वेगाला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. उशीर म्हणजे काय ते यावरून लक्षात येईल. 15 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे वैजापूरजवळ समृद्धीवर मिनीबस कंटेनरला मागून धडकली आणि 12 जण गेले. त्या बातमीनंतर मी पुढच्या ट्रकचे दिवे दिसले की क्रूझ काढून पाय ब्रेकवर ठेवतो.

तुमच्या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर: काका, जे आत्ता करता तेच करायचं. गाडीने ब्रेक मारला तर तो तुमच्या चुकलेल्या सेकंदाचा आधार समजा.

भूम_परांडा

माझं मत उलट आहे. आमच्याकडे हे निरुपयोगी आहे. मेहुण्यांच्या गाडीत होतं. बाजारच्या दिवशी गावातून जाताना मोटारसायकलवाला समोरून कट मारून गेला की गाडी करकचून ब्रेक लावायची. मागून येणारा जीपवाला ठोकता ठोकता राहिला. त्यांनी सगळं बंद करून ठेवलंय. त्या दोन लाखांत पाच चांगले टायर आणि घराच्या छतावर सोलर बसतं.

जालनेकर

भूमकर, तक्रार खरी आहे, उपाय मात्र सरसकट बंद करणं नाही. यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचं बटण किंवा सेटिंग वेगळं असतं. लेनची मदत मी सिंगल रोडवर बंदच ठेवतो. खड्डा चुकवायला किंवा सायकलवाल्याला जागा द्यायला आपण इंडिकेटर न देता थोडं उजवीकडे सरकतो आणि ती आपल्याला परत डावीकडे ढकलायला बघते. क्रूझ गावात लावायचाच नाही. पण आपोआप लागणारा ब्रेक बंद करू नका, त्याची 'लवकर, मध्यम, उशिरा' अशी सूचना-पातळी असते, ती 'उशिरा' वर ठेवा. फुकटच्या सूचना बऱ्याच कमी होतात. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद करून परत चालू केलं की हा ब्रेक आपोआप चालू होतो, कारण बनवणाऱ्यांनाही तो बंद राहायला नको आहे.

आणि टायरचं मात्र सोळा आणे खरं बोललात.

वर्कशॉप_परभणी

माझं बॉडी रिपेअरचं काम आहे, त्या अंगाने लिहितो. गाडी घेईपर्यंत सगळे विचारतात, घेतल्यावर कोणी विचारत नाही.

एडीएएसचा कॅमेरा पुढच्या काचेला, आतल्या आरशाच्या मागे असतो. खडीच्या डंपरमागे गेलात आणि काच तडकली, तर काच बदलल्यावर त्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा नेमकी जुळवून घेणं, करावंच लागतं. कॅमेरा केसभर जरी तिरका बसला तरी शंभर मीटर पुढे तो भलतीच लेन धरतो. काही गाड्यांना समोर ठरावीक अंतरावर बोर्ड लावून करतात, काहींना मशीन जोडून चांगल्या पट्ट्यांच्या रस्त्यावर चालवत न्यावं लागतं. आपल्या भागात हे सगळीकडे होत नाही. इन्शुरन्सच्या क्लेममध्ये काचेबरोबर कॅलिब्रेशनचा खर्च लिहून घ्या आणि झाल्याचा रिपोर्ट मागा.

रडार पुढच्या बंपरमध्ये किंवा कंपनीच्या लोगोमागे असतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा थर तिथे बसला की 'रडार ब्लॉक' असा मेसेज येतो. ओल्या फडक्याने पुसलं की जातो, त्यासाठी सर्व्हिस सेंटरला पळायची गरज नाही. धुताना प्रेशरचं पाणी मात्र अगदी जवळून मारू नका.

बंपरवर लोखंडी गार्ड बसवू नका. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच त्यावर कारवाईचे आदेश राज्यांना दिलेले आहेत. तरी आपल्याकडे सर्रास बसवतात. गार्ड रडारच्या आड येतो हे एक. त्याहून मोठं म्हणजे धडकेचा जोर बंपरने शोषायचा ऐवजी तो सरळ चासीवर जातो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकतो, आणि समोर पायी चालणारा माणूस आला तर त्याला लोखंडच लागतं.

तिसरं, सीट कव्हर. सहा एअरबॅगच्या गाडीत दोन एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीत, बाहेरच्या कडेला असतात. तिथे 'एअरबॅग' असा टॅग शिवलेला दिसेल. बाजारातलं जाड कव्हर तिथे घट्ट चढवलं तर एअरबॅग फाडून बाहेर यायला वेळ लागतो. कव्हर घ्यायचंच तर त्या बाजूची शिवण उसवणारं घ्या.

आणि बेल्टच्या खाचेत अडकवायच्या त्या क्लिपा, ज्या लावल्या की बीप बंद होते. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या. दुकानांत अजून सापडतात. माझ्याकडे आलेल्या गाडीत क्लिप दिसली तर मी मालकाच्या हातात काढून देतो आणि कशाला ठेवली ते विचारतो.

आसना_नांदेड

वाचते आहे. माझा प्रश्न जरा वेगळा. मुलगी दीड वर्षाची आहे. नांदेडहून सासरी लातूरला जाताना ती पुढे माझ्या मांडीवर बसते, मागे बसली की रडते. सासूबाई म्हणतात आईच्या हातात असताना काय होणार आहे. नव्या गाडीत सहा एअरबॅग असतील तर पुढे मांडीवर चालेल का?

डॉक्टर_अंबाजोगाई

ताई, अजिबात चालणार नाही. एअरबॅग आहे म्हणून तर मुळीच नाही.

एअरबॅग साधारण 30 ते 40 मिलिसेकंदांत फुगते, म्हणजे डोळ्याची पापणी मिटायच्या आत. बेल्ट लावून मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसासाठी तिची रचना असते. मांडीवरचं मूल तिच्या आणि तुमच्या मध्ये येतं. हातात धरून ठेवण्याबद्दल सांगतो: ताशी 50 च्या वेगाने गाडी धडकून थांबते तेव्हा शरीरावर वजनाच्या सुमारे 30 पट जोर येऊ शकतो. 10 किलोचं मूल त्या क्षणी 300 किलोच्या जोराने पुढे जातं. कोणत्याही आईच्या हातात तेवढी ताकद नसते.

मुलीसाठी चाइल्ड सीट घ्या आणि ती मागे लावा. मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या असतात, त्यात सीट खटकन बसते, बेल्टने बांधताना होतात त्या चुका होत नाहीत. जमेल तितके दिवस मुलाचं तोंड मागे असावं, कारण लहान मुलाचं डोकं जड आणि मान नाजूक असते. तोंड मागे असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवायची नाही. सुरुवातीचे काही प्रवास ती रडेल. घरातल्या घरात सीटवर बसवून खेळवा, सवय लागते.

आता मोठ्यांबद्दल, कारण या धाग्यात सगळं लक्ष कॅमेऱ्यावर गेलंय. अपघात विभागात काम करताना आम्ही नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारतो, बेल्ट होता का? मागे बसलेल्यांच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असतं. मागचा माणूस बांधलेला नसला तर तो पुढच्या सीटवर आदळतो, आणि पुढच्याने बेल्ट लावलेला असला तरी त्याची मान आणि छाती दोन्ही बाजूंनी सापडतात.

बीड जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे साहेब मागच्या सीटवर बसलेले असताना अपघात झाला आणि ते गेले. बेल्ट असता तर ते वाचले असते, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्याच सीटवर, बेल्टशिवाय. मागच्या बेल्टचा नियम आहे, 1000 रुपये दंडही आहे. तरी लग्नाच्या सीझनला आमच्या रस्त्यावर ज्या गाड्या येतात, त्यांत मागच्या बेल्टची बकलं सीटखाली दाबून टाकलेली असतात.

लावायची पद्धतही बघा. बायका पदर चुरगळतो म्हणून वरचा पट्टा काखेखालून घेतात, तो मग बरगड्या आणि यकृतावर दाब देतो. पट्टा खांद्याच्या मधोमध आणि कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, कमरेच्या हाडावर. गरोदर बाईने तो पोटाच्या खालून घ्यायचा, बेल्ट टाळायचा नाही. चालवणाऱ्याची छाती स्टिअरिंगपासून निदान 25 सेंटिमीटर लांब हवी. उंची कमी असलेले लोक सीट फार पुढे ओढतात, त्यांनी सीट मागे घेऊन उंच करावी.

मांजराकाठ (लातूर)

डॉक्टरसाहेब, आभार. हे वडिलांना आणि आईला दोघांनाही वाचून दाखवलं. आईला मागचा बेल्ट गळ्याला लागतो, ती उंचीने लहान आहे. काय करावं?

डॉक्टर_अंबाजोगाई

मधल्या सीटवर बसवू नका, खिडकीशी बसवा. कमरेखाली घट्ट, न सरकणारी पातळ गादी ठेवली तर पट्टा खांद्यावर येतो. मऊ उशी नको, धडकेत ती दबते आणि माणूस पट्ट्याखालून सरकतो. पट्टा सैल करण्यासाठी चिमटे मिळतात तेही नकोत.

जालनेकर

स्टारबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून बघून त्यांना सुरक्षेचे स्टार देणारी आपली योजना, 1 ऑक्टोबर 2023 पासून चालू झालं. समोरून एका बाजूला 64 च्या वेगाने धडक, बाजूने 50 ने, आणि खांबावर बाजूने 29 ने. मोठ्यांचे स्टार वेगळे, मुलांचे वेगळे, दोन्ही बघा. तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ईएससी लागतंच. या स्टारमध्ये एडीएएस धरलेलं नाही. धडक झाल्यावर काय होतं तेवढंच ते सांगतात. तेव्हा पाच स्टारच्या गाडीचं खालचं व्हेरिएंट हे दुबळ्या गाडीच्या एडीएएसवाल्या व्हेरिएंटपेक्षा मी केव्हाही घेईन.

ईएससीला लोक कमी लेखतात. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि मृगाच्या पहिल्या सरीत तिचा साबण होतो. तिथे वळणावर गाडीचं मागचं टोक सुटलं तर ईएससी एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करते. पट्टे नकोत, कॅमेरा नको, अंधार असला तरी चालतं.

गंगाखेडचा_शेतकरी

ऊस माझाही जातो कारखान्याला, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर भरल्यावर 15-20 च्या वर पळत नाही. ऊस मागून दोन-तीन फूट बाहेर येतो, टेललाइट असली तरी त्याच्याआड जाते. लो बीमला अशी ट्रॉली 40-50 मीटरवर आली की दिसते. 80 ने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. दिसायला एक सेकंद, मग ब्रेक लागून गाडी आवरायला आणखी तीसेक मीटर. म्हणजे तोवर ट्रॉली आलेली असते. कॅमेऱ्याला उसाच्या शेंड्यांतून ट्रॉली ओळखू येईल यावर माझा तर विश्वास नाही.

आम्ही यंदा आमच्या टोळीच्या सगळ्या ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टरची लाल पट्टी मारली, आणि मागच्या ट्रॉलीच्या उसाच्या टोकाला एक रिफ्लेक्टर लावलेलं पोतं बांधतो. खर्च फार नाही. कारखान्याच्या गेटवर पट्टी नसलेली ट्रॉली घ्यायचीच नाही असं झालं तर एका हंगामात सगळ्या रस्त्यांवर फरक पडेल. तुम्ही गाडीवाल्यांनी हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत, रात्री 60 च्या वर जाऊ नये एवढंच मागणं.

भूम_परांडा

दादा, पोत्याची कल्पना आमच्या गावात उद्याच सांगतो.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे आभार. घरी बसून असं ठरवलं: आधी दोन्ही व्हेरिएंट ज्या गाडीचे आहेत तिचे मोठ्यांचे आणि मुलांचे स्टार पाहिले, ते समाधानकारक आहेत. वडिलांची रात्रीची नजर आणि समृद्धीचा प्रवास या दोन कारणांसाठी वरचं व्हेरिएंट घेतोय. लेनची मदत सिंगल रोडवर बंद, ब्रेक कायम चालू. हंगामात बीडहून अंधार पडायच्या आत निघायचं, हे वडिलांनी स्वतःच ठरवलं. बुधवारी डिलिव्हरी आहे. जाताना अजून काय बघू?

वर्कशॉप_परभणी

मागच्या तिन्ही बेल्टची बकलं वर काढून एकेक लावून बघा, सीटखाली गेलेली असतात. आयसोफिक्सच्या कड्या बोटाने चाचपून बघा. टायरची हवा थंड असताना दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरून घ्या. पुढच्या काचेवर आरशाजवळ फिल्म, स्टिकर, देवाचा फोटो, काही लावू देऊ नका, ती कॅमेऱ्याची जागा आहे. आणि गार्ड व सीट कव्हर फुकट देतो म्हणाले तर त्याऐवजी फ्लोअर मॅट आणि एक जास्तीचा अग्निशामक मागून घ्या.